मुलांची गोष्ट फुकटच का लिहायची?



ज्ञानपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही सहा-सात जणी पाठशाळेचं कपाट आवरायला गेलो होतो. दरवर्षीचंच काम. पुस्तकं खाली काढायची, धूळ झटकायची, फाटक्या पानांना डिंक लावायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजनासाठी पाटावर मांडणी करून ठेवायची. या वेळी कपाटामागे तीन खोकी निघाली. दोन खोक्यांची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. उघडून बघितलं तर आत तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं मुलांच्या गोष्टींचं पुस्तक. सवयीने मोजलं. ४१२ प्रती. छापल्या होत्या २०००.

एकीने विचारलं, "भाभी, यांचं काय करायचं? रद्दीत तर देता येणार नाही, आशातना होईल."

मी म्हटलं, "आशातना छापली त्या दिवशीच झाली."

सगळ्या हसल्या. मी काही गंमत केली नव्हती. ते मनात राहिलं, म्हणून आज लिहायला बसले आहे. थोडं तिखट होईल, सांभाळून घ्या.

पुस्तकाची कहाणी अशी. एका मंडळाने मला पर्युषणाआधी दोन महिने सांगितलं की पाठशाळेच्या मुलांसाठी बारा गोष्टी लिहून द्या. मंडळाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, कुठलंही मंडळ घ्या, थोड्याफार फरकाने हेच चालतं. मी आनंदाने लिहिल्या. दुपारच्या झोपा मोडल्या, ज्ञाताधर्मकथा पुन्हा वाचली, एकेक गोष्ट तीन-तीनदा लिहून काढली. पुस्तक हातात आलं तेव्हा ४८ पानं होती, त्यातली ११ पानं शुभेच्छा आणि देणगीदारांचे फोटो. कव्हरवर लिहिलं होतं, "संकलन : मंडळ". माझं नाव शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत, मंडपवाल्याच्या खाली. आणि प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत एक तात्पर्य, जे मी लिहिलेलंच नव्हतं.

नावाचं दुःख मी गिळलं असतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच आहे ना, नाव कशाला हवं! पण गोष्टींचं काय केलं ते बघा.

मेघकुमारची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. राजा श्रेणिकाचा मुलगा दीक्षा घेतो. सगळ्यांत नवा साधू म्हणून त्याची झोपायची जागा दाराजवळ येते. रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात, धूळ अंगावर उडते, डोळ्याला डोळा लागत नाही. तो ठरवतो की सकाळ झाली की भगवंतांना सांगायचं आणि घरी परत जायचं. सकाळी भगवान महावीर त्याला मागच्या जन्माची गोष्ट सांगतात. तू हत्ती होतास, वणवा लागला होता, मोकळ्या जागेत जंगलातले सगळे प्राणी दाटीवाटीने उभे होते. तू अंग खाजवायला पाय उचललास, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. तू पाय खाली टेकवला नाहीस. अडीच दिवस.

आता सांगा, मुलांच्या दृष्टीने या गोष्टीचा जीव कशात आहे? दाराजवळच्या त्या जागेत. शिबिरात पहिली रात्र काढलेल्या, नाहीतर लग्नघरी गादीच्या कडेला झोपलेल्या प्रत्येक मुलाला मेघकुमारचं दुःख कळतं. पाय लागला म्हणून घरी जावंसं वाटणं, हे त्याच्या ओळखीचं आहे. आणि ज्याला काही पाय लागले ते सहन झाले नाहीत, त्यानेच कधीतरी एका सशासाठी आपला पाय अडीच दिवस अधांतरी धरला होता! आगम रचणाऱ्यांनी पायाला पाय असा जोडून ठेवलाय. मी ते जपून लिहिलं होतं.

छापताना सुरुवातीचा तो सगळा भाग काढून टाकला. कारण काय, तर "साधूमहाराजांना घरी जावंसं वाटलं, हे मुलांना कसं सांगायचं?" म्हणजे जे साक्षात अंगसूत्रात आहे ते आपल्या पुस्तकात चालत नाही. उरला हत्ती आणि ससा. खाली तात्पर्य : "आपण नेहमी दया करावी व मोठ्यांचे ऐकावे." मोठ्यांचं ऐकणं या गोष्टीत आलं कुठून, मी अजून शोधते आहे. सोबत इंटरनेटवरून उतरवलेलं हत्तीचं चित्र, सुपाएवढ्या कानांचा आफ्रिकेतला हत्ती, आणि त्याच्या पोटावर त्या वेबसाइटचा अर्धवट पुसलेला शिक्का. माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणाली, "आजी, हा हत्ती आपल्याकडचा नाहीये." तिला जे दिसलं ते ५ जणांच्या समितीला दिसलं नाही, कारण समितीतल्या कुणीही पुस्तक वाचलंच नव्हतं. फोटोंची पानं मात्र तीन वेळा तपासली होती.

मुलांसाठी लिहिणं सोपं असतं असं आपल्याकडे सरसकट समजतात. शब्द सोपे घातले, प्राणी घातले, शेवटी उपदेश घातला की झालं. खरं सांगते, मी सुरुवातीला तशीच होते. रोहिणीची गोष्ट लिहिली तेव्हा बेधडक लिहिलं, "धन्य सार्थवाहाने चारही सुनांना तांदळाचे पाच-पाच दाणे दिले, आणि रोहिणीने ते पेरले." आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई मूळच्या अकोले तालुक्यातल्या. त्यांच्या मुलीला मी वाचून दाखवत होते. ती चौथीत. ती तिथेच थांबली. "आजी, तांदूळ पेरला तर उगवतो का? भात पेरतात ना, सालासकट?"

चाळीस वर्षं मी तांदूळ निवडते आहे, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. मग मूळ पाहिलं. तिथे शालीचे अक्षत दाणे आहेत, सालासकट, न तुटलेले. आगम लिहिणाऱ्यांना शेती माहीत होती, मला नव्हती. मी "साळीचे पाच दाणे" असं केलं, आणि साळ म्हणजे काय ते गोष्टीतच येईल अशी एक ओळ घातली. त्याच मुलीने पुढे विचारलं, "भोगवतीला भूक लागली असेल म्हणून तिने खाल्ले असतील, तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी ते गोष्टीत दिलंही नाही. मुलांना भोगवती आवडते हे मला तेव्हा कळलं. (शेवटी तिला शिक्षा म्हणून स्वयंपाकघर मिळतं, ते वाचून आम्ही बायका दरवेळी हसतो. म्हणजे आपण सगळ्याच मागच्या जन्मीच्या भोगवती!)

छापलेल्या पुस्तकात पुन्हा "तांदळाचे दाणे" झालं. कुणीतरी "सोपं" केलं. अकोल्याच्या त्या मुलीला मी प्रत दिली नाही, लाज वाटली. आपल्याच जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपून बीजबँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जिथे मुलांना साळ, बी, पेरणी डोळ्यांनी दाखवता येते त्या जिल्ह्यात बसून आपण रोहिणीला तांदूळ पेरायला लावतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की या कामाला वेळ लागतो. मुलांना वाचून दाखवावं लागतं, ती कुठे जांभई देतात ते बघावं लागतं, तो परिच्छेद काढावा लागतो. आपली मुलं बहुतेक इंग्रजी शाळेत जातात, मराठी अडखळत वाचतात. काहींच्या घरी मारवाडी, शाळेत इंग्रजी, आणि मराठीचं पुस्तक हातात येतं ते फक्त रविवारी पाठशाळेत. अशा मुलाला एक जोडशब्दांनी भरलेलं वाक्य दिलं की तो पुस्तक मिटतो, आणि कपाटामागचं खोकं भरतं. वाक्य मोठ्याने वाचून बघायचं, श्वास कुठे तुटतो ते ऐकायचं. हे कौशल्याचं काम आहे, जसं पापडाचं पीठ तिंबणं आहे. आणि कौशल्याच्या कामाला जगात सगळीकडे मोल असतं.

आता मोलाकडे येते. मी बी.कॉम. झालेली आहे. दुकानाच्या वह्या मी वर्षानुवर्षं लिहिल्या, त्यामुळे जमा-खर्च दिसला की माझी नजर आधी तिकडे जाते. पुस्तकाच्या प्रकाशनानंतर मंडळाच्या बैठकीत हिशेब वाचला गेला तो मी टिपून घेतला होता. छपाई २००० प्रती, प्रत्येकी २८ रुपये, म्हणजे ५६,००० रुपये. कव्हर करणाऱ्याला ६,०००. फ्लेक्स ९,०००. शाली, श्रीफळ, स्मृतिचिन्हं १४,०००. प्रकाशनाच्या दिवशी ३०० ताटं, १८० रुपये दराने, ५४,०००. एकूण १,३९,०००. लेखन : निरंक.

आता बाजारात जे चालतं ते धरा. मराठीत लेखकाला साधारण किमतीच्या १० टक्के मानधन देतात. या पुस्तकाची किंमत ६० रुपये धरली तर प्रतीमागे ६ रुपये, २००० प्रतींचे १२,०००. जेवणाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी! एक गोड पदार्थ कमी केला असता तरी लेखिकेचे पैसे निघाले असते. चित्रं काढणाऱ्या आपल्याच समाजातल्या एखाद्या मुलीला आणखी १०,००० दिले असते तर आफ्रिकेचा हत्ती नगरला आला नसता.

हे मी बैठकीत विचारलं. उत्तर काय आलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. "भाभी, हे तर ज्ञानदान आहे. ज्ञानाचे पैसे कसे घ्यायचे?"

बरं, ज्ञानदान. मग छापखानावाल्याने कागद दान दिला का? नाही, त्याने बिल दिलं, तेही आगाऊ रकमेसह. मंडपवाला, केटरर, फ्लेक्सवाला, सगळ्यांना पैसे मिळाले. पाठशाळेत शिकवणाऱ्या पंडितजींना आपण दरमहा पगार देतो आणि तो द्यायलाच हवा, कारण त्यांनाही घर आहे. मग ज्ञानदानाचा नियम फक्त लिहिणाऱ्यालाच लागू होतो, असं का? मला वाटतं, याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. लिहिणारी बाई असते. ती घरीच असते. "दुपारी रिकामीच तर असता." दान तेच म्हणायचं जे देणाऱ्याने स्वतः ठरवून दिलं. विचारलंच नाही, गृहीत धरलं, तर त्याला दान म्हणत नाहीत. आमच्या दुकानाच्या वहीत माझ्या कामाचं खातं कधी उघडलं गेलं नाही, ते मी चालवून घेतलं, तो घरचा प्रश्न होता. समाजाच्या वहीत तरी ते असावं.

इथे काहीजणी साने गुरुजींचं उदाहरण देतात. त्यांनी काय पैशासाठी लिहिलं का? 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधी १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांत राहत होते, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढत होते, हे कुणी सांगत नाही. पाच दिवसांमागे ती सहा वर्षं आहेत. मुलं कुठे रडतात, कुठे हसतात हे त्यांनी रोज समोर बसून पाहिलं होतं. आणि त्या वर्षांत त्यांना शिक्षकाचा पगार होता. त्यांचा त्याग मोठाच, माझं त्याला वंदन. पण दुसऱ्याचा त्याग दाखवून तिसऱ्याचे पैसे वाचवायचे, हा काय हिशेब झाला?

मुलांसाठी लिहिण्याचं काम गंभीरपणे कसं घेतात हे बघायला आपल्याला नगरबाहेर जायची गरज नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली मुलांसाठी 'बालबोधमेवा' नावाचं मासिक सुरू केलं. त्या मिशनचं मोठं ठाणं आपल्या नगरलाच होतं, १८३१ पासून. फुलामुलांचे कवी म्हणतात ते रेव्हरंड टिळक नगरला राहिले, त्यांनी मुलांसाठी लिहिलं. बालकवी ठोमरे काही काळ टिळकांच्याच घरी होते. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली असेल तर तुम्हाला ते घर डोळ्यांसमोर दिसेल. त्यांचा धर्म वेगळा, हेतू त्यांच्या धर्माचा, ते मला माहीत आहे. पण मुलांपर्यंत पोचायचं तर चांगला कवी लागतो, एवढं त्यांना दीडशे वर्षांपूर्वी समजलं होतं. पुढे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' काढलं, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद'. या माणसांनी आयुष्याची वर्षंच्या वर्षं मुलांच्या मासिकांना दिली. बालभारतीने १४ नोव्हेंबर १९७१ ला 'किशोर' सुरू केलं ते आजही निघतं, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एखादा जुना अंक उघडा आणि शेजारी आपलं पाठशाळेचं पुस्तक ठेवा. चित्र बघा, अक्षराचा आकार बघा. मला वेगळं काही म्हणायला नको.

आणि आपली स्वतःची परंपरा? पंचतंत्राची जी आवृत्ती जगात फार मानाने वाचली जाते, ती पूर्णभद्र नावाच्या जैन मुनींनी इ. स. ११९९ मध्ये पूर्ण केली. सोम नावाच्या मंत्र्याच्या सांगण्यावरून त्यांनी जुना, बिघडलेला पाठ घेतला आणि अक्षर न् अक्षर, शब्द न् शब्द, गोष्ट न् गोष्ट तपासून नीट केली. आठशे वर्षांपूर्वी एक मुनी कोल्ह्या-माकडांच्या गोष्टींवर एवढे कष्ट घेत होते. आपल्याच जिल्ह्यात चिचोंडीला जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींनी धार्मिक शिक्षणासाठी काय केलं ते वेगळं सांगायला नको. पाथर्डीच्या परीक्षा बोर्डाच्या परीक्षा आपल्यापैकी कितीजणींनी दिल्या आहेत, काहींनी तर सासूबरोबर बसून. तो अभ्यास होता, त्याची शिस्त होती. माझं भांडण अभ्यासाच्या पुस्तकांशी नाहीच, गोष्टीच्या नावाखाली जे छापलं जातं त्याच्याशी आहे.

आता एक कडू गोष्ट. आपण प्रतिक्रमणात दर वेळी अतिचार आठवतो. पहिल्या व्रताच्या अतिचारांत काय येतं? जिवावर अतिभार लादणं, आणि जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्या अन्नपाण्यात आडकाठी आणणं. आपण ते बैल-गड्यांपुरतं समजतो. तिसऱ्या व्रतात चोरीचा माल घेणं येतं, खोटं माप येतं, आणि चांगला माल दाखवून हलका माल देणं येतं. कुणा चित्रकाराचं चित्र न विचारता उतरवलं, ते अदत्तादान नाही का? दुसऱ्या पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी घेतली आणि खाली "संकलन" लिहिलं, ते काय आहे? आणि कव्हरवर "मुलांसाठी सचित्र कथा" लिहून आत ११ पानं देणगीदारांचे फोटो दिले, तर तो कोणता अतिचार? संवत्सरीला सगळ्या जगाची क्षमा मागायची आणि ज्याचं चित्र घेतलं त्याचं नावही माहीत नसावं, हे मला पटत नाही.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याचजणी लिहितात आणि हे कुणी सांगत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही कुणाच्या नोकरीत राहून लिहिलं नसेल, तर लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिल्याबरोबर तुमचाच होतो, कुठेही नोंदणी करावी लागत नाही. मेघकुमारची गोष्ट कुणाच्या मालकीची नाही, पण ती तुम्ही ज्या शब्दांत सांगितली ते शब्द तुमचे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, फोनवर "हो" म्हटल्याने जात नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि हक्क देऊन टाकले तरी पुस्तकावर आपलं नाव असावं आणि आपल्या लेखनाची अब्रू जाईल अशी मोडतोड होऊ नये, हे सांगायचा अधिकार लेखकाकडे राहतो. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. तुमच्या-माझ्या गोष्टींचे हक्क मात्र आपल्या नातवंडांपर्यंत जातील. तेव्हा एका साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्यायला लाजू नका. दुकानात उधारी लिहून घ्यायला आपण लाजतो का?

मंडळांनाच बोल लावून मी सुटणार नाही. आपणही कमी नाही. वाढदिवसाला पाकिटात ५०१ घालतो, जाताना मुलांच्या हातात प्लास्टिकचा डबा नाहीतर पेन्सिल-बॉक्स देतो. मी एकदा रिटर्न गिफ्ट म्हणून माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं दिली. 'राधाचं घर', 'यश', अशी. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढंसं पुस्तक आणि एवढी किंमत?" त्याच संध्याकाळी त्यांनी मुलांना पिझ्झा खायला नेलं, तो त्यापेक्षा महाग होता. रंगीत छपाईचं, जाड कागदाचं, चित्रांचं पुस्तक थोड्या प्रतींत छापलं की प्रत महाग पडते, आणि महाग म्हणून आपण घेत नाही, आणि आपण घेत नाही म्हणून प्रती थोड्या छापतात. त्या चक्रात लिहिणाऱ्याच्या आणि चित्र काढणाऱ्याच्या हाती काय उरत असेल, विचार करा. मुलांचं पुस्तक स्वस्तच असलं पाहिजे, नाहीतर फुकटच मिळालं पाहिजे, हे आपल्या डोक्यात कुणी घातलं? मुलांचे बूट आपण स्वस्त म्हणून घेत नाही, पायाला नीट बसतात का ते बघतो.

तर त्या दिवशी कपाट आवरता आवरता आता चिटणीस असलेल्या बाईंनी विषय काढलाच. "भाभी, पुढच्या चातुर्मासात नवीन पुस्तक काढायचं आहे. या वेळीही तुम्हीच लिहा." शेजारची म्हणाली, "नाहीतर आता मोबाइलला सांगितलं की पाच मिनिटांत गोष्ट लिहून देतो." मी म्हटलं, "जरूर सांगा. फक्त रोहिणीने काय पेरलं ते त्याला विचारा." आपण त्याला विचारलं नाही, तर तोही आपल्यासारखंच कुणाचं तरी उतरवून देईल.

घरी येऊन मी मंडळाला कागदावर लिहून दिलं, तारीख घालून. गोष्टी बाराऐवजी सहा. लेखनाचे १२,०००, चित्रांचे १०,०००, दोन्ही रकमा हाती दिल्यावरच छपाई. कव्हरवर दोघींची नावं. गोष्ट मुलांना दोन रविवार वाचून दाखवल्याशिवाय छापायला जाणार नाही. तात्पर्याची चौकट नको. देणगीदारांची नावं एका पानात, फोटो नाहीत. जेवण ठेवायचं की नाही हे मंडळाने ठरवावं. माझे १२,००० मला घरी न्यायचे आहेत की पाठशाळेला द्यायचे आहेत, ते मी नंतर ठरवीन. पण आधी ते माझ्या हातात येऊ देत.

चिटणीस बाई म्हणाल्या, "बैठकीत ठेवते." चांगल्या आहेत त्या, मनाने ठेवतीलही. अध्यक्षांचा फोन अजून आलेला नाही. एका मैत्रिणीने कळवलं की "भाभी आता व्यावसायिक झाल्या" अशी चर्चा आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली तेव्हा माझ्या वडिलांची तीच इच्छा होती!

४१२ प्रतींची तीन खोकी मी रिक्षाने घरी आणली आहेत. रद्दीत देणार नाही. संध्याकाळी नात आणि मी बसून तात्पर्याच्या चौकटीवर कोरा कागद चिकटवतो आहोत, रोहिणीच्या पानावर "तांदूळ" खोडून "साळ" लिहितो आहोत. हत्तीचे कान ती पेनाने लहान करते. आतापर्यंत ३७ झाल्या. कुणाला हवी असेल तर सांगा, सावेडीत कुणी येत-जात असेल त्यांच्याबरोबर पाठवते. ६० रुपये पडतील.